जर्मनमध्ये "जरा लवकर करा ना" कसं म्हणायचं, माझा अनुभव

माझं ब्लू कार्ड, म्हणजे जर्मनीत राहून काम करायचा परवाना, मे अखेरीस संपत होतं, रिन्यूअलचा अर्ज मी फेब्रुवारीतच ऑनलाइन टाकलेला, सगळी कागदपत्रं जोडून, आणि जूनमध्ये सांगलीला मामेबहिणीचं लग्न, तिकिटं काढून मोकळी झालेले. एप्रिल संपत आला तरी आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस, तिकडून हूं नाही की चूं नाही. बाबा फोनवर म्हणतात, "तिथं कुणी ओळखीचं नाही का गं? एकदा जाऊन बसायचं साहेबाच्या टेबलासमोर." आता त्यांना कसं सांगू की इथं टेर्मीन, म्हणजे अपॉइंटमेंट असल्याशिवाय टेबलच दिसत नाही.

मग मेल लिहायला बसले. माझं जर्मन बी वन, म्हणजे दुकानात बोलण्यापुरतं बरं. डिक्शनरीत घाई करणे म्हणजे 'बेआइलन' सापडलं, म्हणून लिहिलं "बिट्टं बेआइलन झी झिश". पुढे बिट्टं म्हणजे प्लीज लावलंय, 'झी' म्हणजे अहोजाहो आहे, अजून किती नम्र व्हायचं? नशीब पाठवायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना दाखवलं. त्या सत्तरीच्या, सगळी नोकरी नगरपालिकेत गेलेली. चष्मा कपाळावर सरकवून इतक्या हसल्या की मला आपलं ओशाळल्यासारखं झालं. म्हणाल्या, हे तू नवऱ्याला म्हण, बाथरूमच्या दाराबाहेरून. ऑफिसात कुणाला असं म्हटलंस तर त्याला ऐकू येणार, तू आळशी आहेस, हात चालव.

बरं, मग दुसरा प्रयत्न, "क्योन्टन झी माल शाउअन". हे 'माल' माझं लाडकं आहे, कारण ते अगदी आपलं 'जरा' आहे हो, जरा बघता का, जरा सरकता का, काही अर्थ नसतो पण वाक्य मऊ होतं. बाईंनी त्यावर पण काट मारली. बेकरीत बोलायला छान, अर्जात नको.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी पटेचना. म्हणे लवकर करा असं लिहायचंच नाही. काम कुठवर आलंय ते विचारायचं, "क्योन्टन झी मिअर बिट्टं मिटटाइलन, वी डेअर श्टांट माइनस आन्ट्राग्स इस्ट", माझ्या अर्जाची सद्यस्थिती कळवू शकाल का, एवढंच. त्याखाली एक कारण, एकाच वाक्यात, आणि एक तारीख. मी 'झो श्नेल वी म्योग्लिश', म्हणजे शक्य तितक्या लवकर, असं लिहिलेलं, ते खोडलं, कारण शक्य तितक्या लवकर सगळ्यांनाच हवं असतं, तुझं विमान कधी आहे ते लिही. मला वाटत होतं तारीख सांगणं म्हणजे उद्धटपणा, आपल्याकडे कसं 'तुमच्या सवडीनं बघा, पण तेवढं लवकर झालं तर बरं' असं गोल गोल बोलतो. इथं उलटं, तारीख दिली की समोरच्याला कामाचा क्रम लावता येतो.

शेवटी "इश वेर ईनन झेअर डांकबार, वेन", म्हणजे असं झालं तर मी आपली फार आभारी असेन. हा तोच कोन्युंक्टिफ, म्हणजे 'असं झालं तर'वालं क्रियापदाचं रूप, ज्यानं मला क्लासमध्ये रडवलं होतं, आणि तोच इथं उपयोगी पडला. आगाऊ धन्यवाद पण त्यांनी काढायला लावले, म्हणाल्या काही जणांना ते गृहीत धरल्यासारखं वाटतं. आणि सब्जेक्टमध्ये सगळ्यात आधी आक्टनत्साइशन, म्हणजे फाइल नंबर, आणि जन्मतारीख, नाहीतर मेल कुणाच्या टेबलावर जाणार?

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, तीन महिन्यांत निर्णय दिला नाही तर कोर्टात जाता येतं, तेच ठोक ना मेलमध्ये. ते खरं आहे, तशी तरतूद आहे, पण बाई म्हणाल्या, पहिल्याच पत्रात काठी दाखवायची नसते.

मेल पाठवल्यावर मिनिटभरात ऑटो रिप्लाय, कृपया अर्जाच्या स्थितीची विचारणा करू नये, विचारणांमुळे कामाला अजून उशीर होतो. मी डोक्याला हात लावला. पण नवव्या दिवशी दोन ओळींचं खरं उत्तर आलं, कार्ड वेळेत होणार नाही, तोवर तात्पुरता कागद देतो, २० मे, सकाळी ८:१०. या कागदाला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात, हा शब्द धड म्हणायला मला दोन दिवस लागले. त्यावर चौकोन असतात, आणि तिथल्या परदेशी रहिवाशांच्या कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाच्या चौकोनावर खूण असेल तरच भारतात जाऊन परत येता येतं, तिसऱ्यावर असेल तर गेलात की अडकलात, त्यामुळे खिडकीवरनं हलायच्या आधी ते बघा.

माझी खूण बरोबर होती. पण शिक्का मारायच्या आधी तिथला प्रिंटर अडकला, खिडकीतल्या बाई म्हणाल्या "आइनन मोमेंट नोख", अजून एक मिनिट, माझी ८:४० ची ट्राम, ९ ला मीटिंग, आणि पंधरा दिवस घोकलेली वाक्यं सोडून माझ्या तोंडून काय निघालं, तर "कायन श्ट्रेस", सावकाश होऊ द्या.