गोबी ते ओर्खोन : मंगोलियाच्या पशुपालकांसोबत बारा दिवस

मंगोलियाला जाण्यासाठी एवढे पैसे मोजायचे ते नेमके कशासाठी, हा प्रश्न निघण्यापूर्वी आमच्या घरात निघाला आणि परतल्यावर ओळखीच्या मंडळींनीही तो विचारला. मऊ अंथरूण, गरम पाणी, तंबूला लागून न्हाणीघर आणि सोबत स्वयंपाकी हे सारे आम्हाला मिळाले, आणि साठीला टेकलेल्या आम्हा दोघांना गोबीतल्या रात्री त्याची गरजही होती. तरीही आता हिशेब मांडताना वाटते, की आमचा पैसा खऱ्या अर्थाने दोनच गोष्टींवर सार्थकी लागला : जिची पशुपालकांच्या घरी वर्षानुवर्षांची ये-जा आहे अशी वाटाडी, आणि एकाच ठिकाणी सलग तीन रात्री राहण्याची मुभा. पुढे जाणाऱ्यांना सांगायचे ते मुख्यतः याविषयीच आहे.

आम्ही २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघालो आणि दिल्ली व सोलमार्गे उलानबातरला उतरलो. नवे चंगीझ खान विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाले असून ते शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथून येताना रस्ता मोकळा लागतो, परंतु शहराच्या तोंडाशी वाहतूक अशी तुंबते, की हिंजवडीची सवय असलेल्या माणसालाही घड्याळ पाहावेसे वाटावे. (घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते.) देशाच्या साधारण ३५ लाख वस्तीपैकी जवळजवळ निम्मी माणसे या एका शहरात राहतात, हे लक्षात घेतले की पुढचे दहा दिवस इतकी थोडी माणसे का भेटतात ते कळते. शहरासाठी एक दिवस पुरतो. तो गंदन मठात घालवावा. तिथली अवलोकितेश्वराची २६.५ मीटर उंचीची उभी मूर्ती १९९६ मध्ये नव्याने घडवली गेली, कारण मूळ मूर्ती १९३० च्या दशकातील धर्मविरोधी मोहिमेत नाहीशी झाली. आम्ही भारतातून आलो हे कळताच एका वृद्ध भिक्षूने कुशोक बकुला रिंपोचे यांचे नाव घेऊन हात जोडले. लडाखचे हे धर्मगुरू १९९० ते २००० या काळात भारताचे मंगोलियातील राजदूत होते.

दक्षिण गोबीतील दालनझदगादपर्यंत विमानाने दीड तास लागतो आणि मोटारीने पूर्ण दिवस. आम्ही विमान निवडले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बरीच कमी असते, म्हणून मोठी बॅग उलानबातरच्या हॉटेलात ठेवून दोन मऊ पिशव्यांत भागवावे. विमानतळाबाहेर आमची वाटाडी आणि तिचा चालक लँड क्रूझर घेऊन उभे होते. तिथून दहा मिनिटांत डांबर संपले, आणि पुढचे चार दिवस रस्ता म्हणजे माळावर एकमेकांत मिसळत जाणाऱ्या चाकोऱ्या होत्या. शंभर किलोमीटरला तीन तास धरावेत. पाठीचे दुखणे असलेल्यांनी कंबरपट्टा नक्की न्यावा.

गोबी म्हणजे वाळूचा समुद्र ही समजूत पहिल्याच दिवशी गळून पडते. बहुतेक प्रदेश खडीचा, खुरट्या झुडपांचा आणि रानकांद्याच्या वासाचा आहे, आणि वाळू तुरळक ठिकाणीच आहे. ‘योलिन आम’ नावाच्या अरुंद घळीत उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बर्फ टिकतो. आम्ही गेलो तेव्हा तो पार वितळला होता, त्यामुळे ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी जूनमध्ये जावे. खोंगोरिन एल्स या वाळूच्या रांगेत मात्र आम्ही दोन रात्री काढल्या. ही रांग १०० किलोमीटरहून लांब आहे, तिच्या उत्तरेच्या पायथ्याशी एक बारीक नदी आणि हिरवळीचा पट्टा आहे, आणि उंच टेकाडांवरून वाळू घसरू लागली की दुरून विमान जावे तसा घुमार ऐकू येतो. चढताना दोन पावले पुढे टाकली की एक मागे येते. मला वर पोहोचायला सव्वा तास लागला, पत्नी अर्ध्यावरून परतली आणि तिने खाली बसून माझ्यापेक्षा अधिक पाहिले असे तिचे म्हणणे आहे. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघावे आणि बूट काढून मोज्यांवर चढावे.

याच मुक्कामात एक फसगतही झाली. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘भटक्या कुटुंबाचा पाहुणचार’ असे ठळक लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो रस्त्यालगतचा एक सजवलेला तंबू होता. चहा झाल्यावर पोशाख घालून फोटो काढण्याचे, उंटावर बसण्याचे आणि दूध काढून पाहण्याचे वेगवेगळे दर सांगण्यात आले. त्या लोकांचा मला राग नाही, कारण प्रवासी येतात म्हणून तेही तिथे बसतात. राग आला तो पत्रिका लिहिणाऱ्या मध्यस्थ कंपनीचा. आमची वाटाडी ओशाळली आणि म्हणाली, “हे माझ्या यादीत नव्हते. ओर्खोनला मी तुम्हाला माझ्या माणसांकडे नेते.” म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : ते कुटुंब वर्षातून किती वेळा मुक्काम हलवते, वाटाड्याची त्यांच्याशी किती वर्षांची ओळख आहे, आणि आपल्या पैशांतला किती भाग थेट त्यांच्या हाती पडतो. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या पंचतारांकित तंबूला आमच्या मते फारशी किंमत नाही.

बायनझागच्या तांबड्या कड्यांवर १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकी मोहिमेला डायनोसॉरच्या अंड्यांची घरटी सापडली. ती तेव्हा प्रोटोसेराटॉप्सची मानली गेली आणि पुढे ओव्हिरॅप्टरच्या कुळातली ठरली. संध्याकाळच्या उन्हात कडे खरोखरच पेटल्यासारखे दिसतात. तिथे कोणी हाडाचा तुकडा विकायला आणला तर हात लावू नये, कारण जीवाश्म देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकला गेलेला टार्बोसॉरसचा सांगाडासुद्धा खटला होऊन पुढच्या वर्षी मंगोलियाला परत करावा लागला.

त्याच रात्री जेवणानंतर चालकाने पूर्वेकडे बोट दाखवले आणि म्हटले, “सान्चिर.” शनी त्या दिवसांत रात्रभर आकाशात असे. पत्नीने नकळत उच्चारले, “शनैश्चर.” तो चमकून वळला आणि मग त्याने सावकाश एकेक नाव घेतले : आंगराग, बुद, बार्खासबाद, सुगर. अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र. बौद्ध धर्मासोबत संस्कृतातून तिकडे गेलेली ही नावे मंगोल भाषेत ग्रहांची रोजची नावे आहेत. औषधी झऱ्यालाही ते ‘रशान’ म्हणतात, म्हणजे आपले ‘रसायन’. अंगारकी चतुर्थी ही काय भानगड आहे ते त्याला समजावून सांगताना मात्र वाटाडीची दमछाक झाली.

ओंगी नदीकाठच्या उद्ध्वस्त मठावरून दोन दिवसांत आपण गवताळ प्रदेशात येतो, आणि ओर्खोनच्या खोऱ्यात सगळा रंगच बदलतो. हे खोरे २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आमचा निवाऱ्याचा तळ नदीच्या एका वळणावर होता आणि वाटाडीच्या ओळखीचे कुटुंब तिथून चालत वीस मिनिटांवर. रोज सकाळी जायचे आणि अंधार पडताना परतायचे, असे तीन दिवस आम्ही केले.

गेर, म्हणजे त्यांचे वर्तुळाकार घर, दक्षिणेकडे तोंड करून उभे असते. बाजूंना घडी घालता येणाऱ्या लाकडी जाळ्या, वर उघडमीट करता येणारे गोल धुराडे, आणि सगळ्यावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा. दाराशी पोहोचण्यापूर्वी “नोखोइ खोर!” असे ओरडायचे, शब्दशः अर्थ “कुत्रा धरा”, आणि अर्थाकडे दुर्लक्ष करू नये, कारण कुत्रे खरोखरच अंगावर येतात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. आत जाऊन डावीकडे बसायचे, मधल्या दोन खांबांच्या मधून जायचे नाही आणि काहीही देता-घेताना उजवा हात पुढे करून डाव्याने कोपराला आधार द्यायचा. समोरची उत्तरेची बाजू देवाची आणि वडीलधाऱ्यांची असते. चुलीत वाळलेले शेण जळते. ते आपल्यासारखे थापलेले नसते, माळावर आपसूक वाळलेले वेचून आणतात. त्याचा धूर उग्र नसतो, पण शाल अजूनही त्याच वासाची आहे.

घोडीचे दूध काढणे मी तास न् तास पाहिले. शिंगरे दिवसभर जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधलेली असतात. घरधनीण एका घोडीपाशी जाते, सून शिंगरू सोडून आणते, ते चार घोट पिते, पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढून घोडीच्या खांद्याशी धरून ठेवतात, आणि घरधनीण एक गुडघा टेकून, दुसऱ्यावर बादली तोलून, एक हात घोडीच्या मागच्या पायाभोवतून घालून झरझर धारा काढते. एका वेळी जेमतेम पेलाभर दूध निघते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा तेच. हे दूध निळ्या प्लास्टिकच्या पिंपात आंबते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण रवी दहा-वीस वेळा खालीवर करतो. मीही केली. तयार झालेले ऐराग आंबट, किंचित फेसाळ आणि सौम्य मद्यार्क असलेले असते. पहिल्या दिवशी दोन घोटांवर थांबावे, नाहीतर पोट रात्रभर आठवण करून देते. वाडगा ओठाला लावून परत दिला तरी यजमानांना चालते. नाकारणे मात्र वाईट दिसते.

कळप किती आहे असे विचारू नका, अशी ताकीद वाटाडीने आम्हाला आधीच दिली होती. तरीही दुसऱ्या दिवशी घरमालक आपण होऊनच गेल्या हिवाळ्याविषयी बोलले. कोरड्या उन्हाळ्यामागून बर्फाचा थर घट्ट बसला, की जनावरांना खालचे गवत मिळत नाही आणि ती उभ्या उभ्या मरतात. याला ते ‘झुद’ म्हणतात. २०२३-२४ च्या झुदमध्ये देशभरात ७० लाखांहून अधिक जनावरे दगावली. या घरातल्या मेंढ्या बऱ्याच गेल्या, घोडे वाचले. धाकटा मुलगा आता उलानबातरमध्ये टॅक्सी चालवतो. दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरणारे आपल्याकडचे धनगर मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “पाऊस नको म्हणून हलतात की गवत हवे म्हणून?” मला नीट उत्तर देता आले नाही.

आता व्यवहाराचे. शाकाहारी माणसाने बुकिंगच्याच वेळी स्पष्ट कळवावे आणि दोनदा आठवण द्यावी. चांगल्या तळांवर भाज्या, नूडल्स, अंडी आणि सूप मिळते, परंतु चव तिसऱ्या दिवशी संपते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे यांनी आम्हाला तारले. पशुपालकांच्या घरी दही, साय आणि आरूल हे दगडासारखे वाळवलेले दही यांवर शाकाहारी माणूस एक दिवस सहज काढू शकतो. चहा खारट असतो, तो चहा न समजता पातळ कढी समजून प्यावा. मांसाहारी असाल तर खोरखोग सोडू नये. त्यात तापवलेले गोटे आणि मटण दुधाच्या किटलीत एकत्र शिजवतात, आणि जेवणाआधी ते तेलकट गरम गोटे हातावर खेळवायला देतात. मार्मोट या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे मांस मात्र कोणी दिले तरी खाऊ नये, कारण त्यातून प्लेग होऊ शकतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीलाही पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी पडली. मोठ्या तळांवर पहाटे पाचला कोणीतरी हलकेच येऊन चूल पेटवून जाते; ही सोय आहे का ते विचारून घ्यावे, आमच्या लेखी ती न्हाणीघरापेक्षा मोलाची ठरली. आम्हाला आलिशान तळांचा खर्च दर रात्री माणशी तीनशे डॉलरच्या आसपास आला. रोख तुग्रिक, म्हणजे तिथले चलन, दालनझदगादमध्येच काढून ठेवावेत, पुढे पैसे काढण्याचे यंत्र सहज मिळत नाही. दवाखाना तासन् तास दूर असतो, म्हणून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्यावा आणि श्वानदंशाची लस डॉक्टरांशी बोलून आधीच टोचून घ्यावी. व्हिसाचे नियम दूतावासाकडून ताजे तपासावेत. ११ ते १३ जुलैच्या नादाम उत्सवात कुस्ती आणि घोड्यांच्या शर्यती पाहायला मिळतात, परंतु त्या आठवड्यात जागा मिळत नाही आणि पशुपालक घरी नसतात.

परतीच्या वाटेवर खारखोरिनला एर्देने झू मठाची स्तूपांची भिंत आणि खुस्ताइच्या राखीव रानात १९९२ पासून पुन्हा सोडलेले ताखी हे रानघोडे पाहून घ्यावेत. दोन्हीकडे आम्ही घाईत गेलो, कारण ओर्खोनला तिसरी रात्र आम्ही ऐनवेळी वाढवली होती. भेट म्हणून चॉकलेटे नेली होती. ओर्खोनच्या त्या घरातल्या नातवाने ती खाल्ली आणि कागद चुलीत गेला. दुसऱ्यांदा जाईन तेव्हा छोटे छपाई यंत्र नेईन. सध्या आम्ही काढलेले फोटो पुण्यात छापून वाटाडीकडे पाठवले आहेत, आणि ते कुटुंब आता कुठल्या दरीत आहे ते विचारत विचारत ती ते पोहोचवणार आहे.