बाळाचा हात आणि पाच बुधवार

“ईएमजी फक्त बुधवारी.” एका मोठ्या हॉस्पिटलच्या खिडकीवर ऐकलेलं हे वाक्य अजून कानात आहे. ईएमजी म्हणजे स्नायूत सुई टोचून नसांचं काम बघणारी तपासणी.

लेक सव्वाचार किलोची. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला आणि मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात लुळा, तळवा मागे वळलेला, पाठीमागे हात करून चिरीमिरी घेतात तसा. बोटं तेवढी हलायची. याचंच नाव अर्ब्ज पाल्सी. बहुतेक बाळांचं आपोआप सुधारतं म्हणाले, फिजिओ सुरू केला. दोन महिने झाले तरी कोपर वाकेना, म्हणून सर्जनकडे गेलो. तिथे टेबलावरूनच उत्तर मिळालं: आधी ईएमजीचा रिपोर्ट आणा.

पहिल्या बुधवारी सुई टोचून तपासणारे रजेवर. दुसऱ्या बुधवारी केसपेपरवर शिक्का नव्हता, आणि शिक्क्याची खिडकी एकला बंद. तिसऱ्या खेपेला म्हणाले, बाळ झोपलेलं हवं. पाजून, थोपटून झोपवलं. नंबर पुकारला त्या आवाजानेच ती दचकून उठली. “पुढच्या बुधवारी या.” चौथा बुधवार सरकारी सुट्टीचा! प्रत्येक वेळी आठ दिवस गेले. इकडे फिजिओवाल्या मॅडम बजावत होत्या, तीन महिन्यांत दंडाचा स्नायू जागा झाला नाही तर सर्जनने बघायलाच हवं. ह्यांचा त्या खिडकीवर आवाज चढला, मी रडले. दोन्हीचा उपयोग शून्य.

पाचव्या बुधवारी तपासणी झाली एकदाची. सर्जननी रिपोर्ट दोन मिनिटं चाळला आणि बाजूला ठेवला. लेकीसमोर खुळखुळा धरून ते बराच वेळ तिचं कोपर बघत बसले. ऑपरेशनचा निर्णय त्यावर झाला! म्हणून सांगते, रिपोर्टसाठी अडून राहू नका, पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच सर्जनला बाळ दाखवा. त्या बाजूची पापणी मिटल्यासारखी वाटली किंवा बोटंही हलत नसली, तर एक दिवसही थांबू नका.

पाचव्या महिन्यात पोटरीतली नस काढून मानेत जोडली. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे पुढे नुसती वाट पाहणं. सात महिन्यांनी तिने मारी बिस्कीट उजव्या हाताने तोंडाशी नेलं, मान थोडी खाली घालून, पण नेलं.

हां, न्हाऊ घालणाऱ्या मावशींना तो हात ओढू देऊ नका, काखेत धरून उचलूही नका. आणि झबलं घालताना आधी अधू हात, काढताना तो शेवटी. हे मला रांगेत शेजारी बसलेल्या एका आजींनी सांगितलं, तिसऱ्या बुधवारी.