आमची वाटचाल: पिल्लांच्या धंद्यातून लसीच्या धंद्यात

अकोले तालुक्यात, डांगाणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं मदर युनिट आहे. एक दिवसाची पिल्लं आणायची, ब्रूडरच्या उबेखाली महिनाभर सांभाळायची आणि मग परसात पाळायला विकायची, एवढं हे काम. गिरिराज, वनराज, कावेरी, ज्याला मागणी असेल ते. एक दिवसाचं पिल्लू अंगणात सोडलं तर घार, मुंगूस, मांजर आणि थंडी यांच्यातून किती उरतं ते इथल्या कुठल्याही बाईला विचारा. म्हणून महिन्याच्या पिल्लाला लोक दोन पैसे जास्त मोजतात. मी आणि माझ्या जाऊबाईंनी धंदा काढला तेव्हा हिशोब इतकाच होता.

लसी आम्ही पहिल्यापासून नेमानं दिल्या. मॅरेक्सची, म्हणजे गाठी आणि लुळेपणा आणणाऱ्या आजाराची, लस हॅचरीतच पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यातली आरटूबी (मानमोडीचीच दुसरी, टोचायची लस) आणि देवीची लस मात्र पिल्लू गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर द्यायची. खरी कथा तिथूनच सुरू होते.

पहिल्या काही वर्षांतच बोलवा उठली: ह्यांची पिल्लं आली की घरच्या कोंबड्या मरतात. दिसायला ते खरंही होतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, साथ आली की हिरवट हगवण, पिरगळलेल्या माना, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. आमची पिल्लं मात्र त्याच अंगणात निवांत दाणे टिपत हिंडायची. पाहणाऱ्यानं दुसरं काय समजायचं? एका आजीबाईंनी तर आमच्या पिकअपला वस्तीत शिरू दिलं नाही.

खरा प्रकार असा. मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या पिशवीत घालून आठवडे बाजारात नेतात. त्या दुसऱ्याच्या अंगणात जातात आणि साथ पुढे सरकते. लस आजार आणि मर रोखते, पण विषाणूला अंगात शिरायला पुरती बंदी करत नाही. लस दिलेली कोंबडी वरून धडधाकट असताना विष्ठेतून थोडाफार विषाणू टाकू शकते. बिनलसीच्या कोंबडीपेक्षा कमी, पण टाकते. म्हणजे आमची पिल्लं साथ जन्माला घालत नाहीत, तशी जुन्या कोंबड्यांची ढालही होत नाहीत. लासोटा जिवंत लस असल्यानं तिचा सौम्य विषाणू एकमेकींत पसरतो, त्यामुळे घरच्या कोंबड्यांना ‘आपोआप लस लागेल’ असं सांगणारे सल्लागारही भेटले. शेडमध्ये दाटीनं राहणाऱ्या पक्ष्यांचं एक असेल. दिवसभर रानात आणि रात्री आंब्यावर झोपणाऱ्या गावरान कोंबड्यांत हा भरवसा कुणी धरू नये.

म्हणून आम्ही नियम केला: पिल्लं पोचायच्या किमान दोन आठवडे आधी घरच्या सगळ्या कोंबड्यांना लस, नाहीतर पिल्लं मिळणार नाहीत.

नियम करणं सोपं होतं. लसीची कुपी येते शंभर, दोनशे, हजार डोसांची आणि घरी कोंबड्या आठ-दहा. कुपी एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवायची, तीही बर्फावर ठेवून. उरलेले नव्वद डोस कुणाच्या डोळ्यात घालायचे? मग एका घराची ऑर्डर घेणंच बंद केलं आणि वस्तीची घेऊ लागलो. बचत गटातल्या बायकांना थेंब टाकायला शिकवलं. वेळ पहाटेची, खुराडी उघडायच्या आत. एकदा सुटलेली गावरान कोंबडी धरून दाखवावी कुणी. सरकारी लस पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. लसीची किंमत फारशी नाही, महाग पडतो तो बर्फ आणि डिझेल. कोंबडीमागे लसीचे पैसे मागितले तर लोक नाकं मुरडायचे. जाऊबाईंनी पिल्लाची किंमत तेवढी वाढवून लस ‘मोफत’ केली आणि सगळी कुरकुर थांबली!

आधी काहीच न दिलेल्या मोठ्या कोंबड्यांना आम्ही थेट आरटूबी टोचत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी लासोटा, काही आठवड्यांनी आरटूबी. ती जरा जहाल लस आहे, अंड्यावरची कोंबडी काही दिवस अंडी कमी देते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मॅरेक्सचं उत्तर मात्र अजून अवघड आहे. ही लस गाठी आणि लुळेपणा रोखते, पण बाहेरचा जहाल विषाणू लसवाल्या कोंबडीच्या अंगातही वाढतो आणि पिसांच्या कोंड्यातून बाहेर पडतो. धुळीत तो कित्येक महिने टिकतो. 2015 साली संशोधक अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं, की लस दिलेल्या कोंबड्या जगतात, अतिजहाल विषाणू बाहेर टाकत राहतात आणि सोबतच्या बिनलसीच्या कोंबड्यांना तो लागतो. मोठ्या कोंबड्यांना ही लस नंतर देऊन भरपाई होत नाही. त्यामुळे ज्या घरात खुडूक कोंबडी बसवून पिल्लं काढतात, तिथं आम्ही स्पष्ट सांगतो: घरची पिल्लं पहिले काही आठवडे आमच्या तलंगांपासून लांब, वेगळ्या डाल्याखाली ठेवा. एक पाय पुढे, एक मागे टाकून बसलेली तलंग मग औषधानं उठत नाही. आमच्या ब्रूडर शेडच्या आवारात तर मोठी कोंबडी येऊच देत नाही, पाहुण्यांनी कापायला आणलेली असली तरी.

2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडल्याची बातमी आली आणि ऑर्डरी एकदम थांबल्या. ‘बर्ड फ्लूची लस दिलीय का?’ असं विचारणारे फोन यायचे. पण बर्ड फ्लूसाठी आपल्याकडे लसीकरणाचं धोरणच नव्हतं. लागण झालेल्या जागेभोवती एक किलोमीटरमधले पक्षी मारून भरपाई, हाच मार्ग. त्या महिन्यात आमच्याकडे खाद्याचं बिल भरायला पैसे नव्हते. जाऊबाईंची पाटली गहाण गेली, ती दिवाळीला सुटली.

ज्या आजीबाईंनी गाडी अडवली होती, त्यांची सूनच आता त्या वस्तीवर थेंब टाकते. तिचा हात आमच्यापेक्षा हलका आहे.

पावसाळ्याआधीच्या फेरीसाठी वस्तीवर मिळून शंभरेक कोंबड्या होत असतील तर कळवा. आजारी कोंबड्या आधी वेगळ्या करा, जंताचं औषध आठवडाभर आधी द्या, आणि त्या दिवशी खुराडं आम्ही आल्यावरच उघडा.