तुम्ही विचारलंत म्हणून: वेग तोच, मग यंत्र खोलायचं कशाला?

"सर, वेग वाढणार नसेल तर एवढं यंत्र खोलतात कशाला?" नाशकात बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. यंत्र म्हणजे जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचं 27 किलोमीटर घेराचं लार्ज हेड्रॉन कोलायडर; त्यात प्रोटॉन समोरासमोर धडकवतात. वेळापत्रकाप्रमाणे 2026च्या मध्यापासून ते बंद, 2030 मध्ये पुन्हा सुरू.

वेगाला वाढायला जागाच नाही. प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ टेकलेत. वाढवायच्यात टकरी, मूळ आराखड्याच्या पाच ते साडेसात पट. इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण, हिग्ज, 2012 मध्येच सापडला, पण तो स्वतःशी कसा वागतो हे पाहायला हिग्जची जोडी एकदम जन्मावी लागते, आणि ते फारच क्वचित घडतं.

इथं मी रामकुंड काढतो. पर्वणीला पंचवटीच्या गल्लीत समोरासमोर दोन लोंढे आलेत असं समजा. प्रोटॉनच्या एका पुंजक्यात शंभर अब्जांहून जास्त कण. दोन पुंजके एकमेकांतून जातात आणि टकरी होतात साठेक! बाकीचे धक्का न लागता पार. सिंहस्थात असं झालं तर पोलीस पेढे वाटतील. मग करायचं काय? माणसं वाढवायची आणि गल्ली आवळायची. सर्न दोन्ही करणार आहे. शिवाय पुंजके थोडे तिरके भिडतात, म्हणून ऐन भेटीआधी त्यांना किंचित फिरवणारी 'क्रॅब कॅव्हिटी' बसणार. खेकडा आडवा चालतो, त्यावरून हे नाव.

गल्ली आवळतात ती चुंबकं, आणि माझा जीव अडकलाय तो तिथंच. सध्याच्या मुख्य चुंबकांचं चुंबकीय क्षेत्र 8.3 टेस्ला (हे त्याच्या ताकदीचं एकक), नव्या आवळणाऱ्या चुंबकांत ते 11च्या वर जातं. त्यासाठी नायोबियम-टिनची तार लागते. ही एकदा तयार झाली की काचेसारखी ठिसूळ, वाकवली की गेली. म्हणून दोन्ही धातू तारेत वेगवेगळे असतानाच कॉइल गुंडाळतात आणि मग सगळी कॉइल साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत तापवतात. संयुग तिथं बनतं.

हे मी एकदा सातपूरला मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका पालकांना सांगितलं. ते चमकलेच. "आधी वाइंडिंग, मग भट्टी? इन्सुलेशनचा कोळसा होईल ना, सर!" इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नव्हतं. म्हटलं, म्हणूनच तारेवर काचेच्या धाग्याचं वेष्टण असतं; इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं रेझिन, भरतात ते भट्टीनंतर.

"आणि एखादा वेढा बिघडला तर?"

"वेढा सोडवता येत नाही. अख्खी कॉइल बदलायची."

"म्हणजे आमच्या धंद्याला तिथं कामच नाही," म्हणाले, आणि चहा सांगितला.