बरा झालायस न्हवं, मग अजून तपासण्या कशाला?

रंकाळ्यावर सकाळी भेटणारे, पाहुणे, तालमीतले जुने दोस्त, सगळ्यांचा हाच प्रश्न. वृषणाचा जर्म सेल (बीजपेशींचा) कॅन्सर बरा होऊन बरीच वर्षं झाली, तरी मी डॉक्टरांकडे जातो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पहिली दोन वर्षं जुन्या आजाराची राखण असते. तो उलटायचा तर बहुधा याच काळात उलटतो. म्हणून एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या कॅन्सरची खूण शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन वरचेवर. पुढे अंतर वाढत जातं. सीटी कमी झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, डॉक्टरांनी अंग काढून घेतलं. पण तरण्या माणसाच्या अंगात गरज नसताना क्ष-किरण सोडत राहणं हाही धोकाच.

तपासण्या कमी होतात, संपत नाहीत. कारण दुसरी बाजू शाबूत आहे. एका वृषणात हा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या साधारण दोघांना पुढच्या १५ वर्षांत दुसऱ्यात गाठ होते. ती जुन्या रोगाची फांदी नव्हे, नवीच. तिच्यासाठी मशीन लागत नाही. महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, बोटांनी चाचपायचं. खडा लागला की सोनोग्राफी. रक्त नॉर्मल आलं म्हणून गप्प बसायचं नाही, सेमिनोमा या याच कॅन्सरच्या प्रकारात ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं. आखाड्यात लंगोटावर उभे राहणारे गडी एवढ्याशा गोष्टीला लाजतात, याचं मला नवल वाटतं.

दुसरं कारण औषधच. १९७०च्या दशकात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आलं आणि पसरलेला आजारही बरा व्हायला लागला. त्याची किंमत मात्र पुढे कधीतरी मोजावी लागते: किडनी, कान, बीपी, हृदय. त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या इटोपोसाइडने क्वचित काही वर्षांत रक्ताचा कॅन्सर होतो. इतर अवयवांचे कॅन्सर वीस-वीस वर्षांनीही. त्यामुळे डॉक्टर आता गाठीपेक्षा माझ्या बीपीवर जास्त बोलतात. तांबडा रस्सा चालू आहे, तंबाखू बंद.

आणि माझ्यासारखी ब्लिओमायसिन हे केमोतलंच औषध घेतलेली कुणी वाचत असतील, तर उद्या साध्या हर्नियाचं ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञांना आधी ते सांगा. जादा ऑक्सिजनने अशा फुप्फुसांना इजा होऊ शकते. फाईल बरोबर न्या, औषधांची नावं तोंडपाठ असतीलच असं नाही.