द पियानिस्ट बघून वॉर्साला जाणार असाल तर

आधीच सांगते, पिक्चरमधलं वॉर्सा शोधत फिराल तर हाती फारसं काही लागणार नाही. ज्यूंच्या १९४३ च्या उठावानंतर नाझींनी घेट्टो, म्हणजे ज्यूंना भिंतीआड कोंडलेली वस्ती, पार जमीनदोस्त केला, म्हणून शूटिंग नदीपलीकडच्या प्रागा भागात आणि जर्मनीत केलं. प्रागातल्या जुन्या बिल्डिंगी बघायला छानच, पण वेळ कमी असेल तर सरळ मुरानूफ गाठा, घेट्टो होता तो भाग.

मुरानूफमध्ये वरवर बघितलं तर नुसत्या सोसायट्या, झाडं, पार्किंग. पण नीट बघा, काही बिल्डिंगी रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं, कारण घेट्टोचा ढिगारा उपसत न बसता त्याच्यावरच घरं बांधली. हे माहीत असलं की त्या पायऱ्या चढताना कसंतरीच होतं. फुटपाथवर लोखंडी पट्ट्या दिसतील, तिथून भिंत जायची.

पोलिन या ज्यू इतिहासाच्या म्युझियमला अर्धा दिवस ठेवा, मंगळवारी बंद असतं. तिथून चालत स्तावकी रस्त्यावर उमश्लागप्लात्झ, म्हणजे ज्यूंना गाड्यांत भरायची जागा. १९४२ मध्ये त्रेब्लिंका मृत्युछावणीच्या गाड्या इथून सुटायच्या, पिक्चर ज्याच्यावर आहे त्या पियानोवादक श्पिलमानचे आईवडील, भाऊ, बहिणी इथूनच गेले. तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर आडनावं नाहीत, नुसती पहिली नावं कोरलीयत, मी वाचायला लागले आणि अर्ध्यातच सोडलं.

नंतर मेट्रोने पोले मोकोतोव्स्के आणि पुढे चालत निएपोद्लेग्वोश्ची रस्ता, नंबर २२३. होसेनफेल्ड या जर्मन अधिकाऱ्याला श्पिलमान इथे लपलेला सापडला. बाहेर पाटी आहे, बाकी साधी बिल्डिंग, लोक राहतात, आत घुसू नका प्लीज. आणि हो, पिक्चरमध्ये तो शोपँचं बॅलड वाजवतो ना, खऱ्यात सी शार्प मायनरचा नॉक्टर्न वाजवला होता. मी तोच हेडफोनवर लावून उभी होते, फिल्मी म्हणा हवं तर. होसेनफेल्डने त्याला जेवण आणून दिलं, कोट दिला, आणि स्वतः १९५२ मध्ये रशियन कैदेत मेला, हे पिक्चरच्या शेवटी दोन ओळींत उरकलंय, मला ते कमी वाटतं.

फिरायला २४ तासांचा पास घ्या, ट्राम, बस, मेट्रो सगळीकडे चालतो, फक्त पहिल्यांदा चढताना मशीनमध्ये पंच करा. व्हेज लोकांनी पिएरोगी रुस्किए मागवा, मोदकासारखे उकडलेले डम्पलिंग, आत बटाटा आणि चीज असतं, वर बेकन नको हे मात्र आधीच सांगा. ओकोपोवाची ज्यू दफनभूमी शनिवारी बंद, तेव्हा शनिवार प्रागासाठी ठेवा.