अपात्रांच्या यादीतल्या बा

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये रिसर्च नर्स आहे. टाइप २ डायबेटिसची नेहमीची तपासणी फोनवर किंवा व्हिडिओवर केली तर भागतं का, हे पाहणाऱ्या एका अभ्यासासाठी रुग्ण मिळवायचे, हे माझं काम. नियमावलीत एक ओळ होती: इंग्रजी वाचता-बोलता न येणारे अपात्र. दुभाष्यासाठी पैसेच धरले नव्हते. आणि हे लेस्टरमध्ये! १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं इथे स्थिरावली. २०२१ च्या जनगणनेत शहरातले ४३ टक्के लोक आशियाई वंशाचे होते. दक्षिण आशियाई माणसांना हा आजार गोऱ्यांपेक्षा दोन ते चार पट जास्त होतो, आणि त्यांच्यातल्याच वयस्कर बायका पहिल्या गळतात.

त्या दिवशी सत्तरीच्या एका बाईंना फोन लावला. मुलाने उचलला. ‘मम्मीला इंग्रजी येत नाही, पण शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे.’ कागदावर तसंच होतं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ५०; आपल्याकडच्या हिशेबात ६.७ टक्के. खूण करून पुढच्या नावाकडे वळायचं, एवढंच बाकी होतं. पण मी घाटकोपरची, गुजराती शेजारात वाढलेली. म्हटलं, बांना जरा व्हिडिओवर द्या.

‘केम छो बा?’ म्हटल्यावर बा सुरूच झाल्या. गुडघे, थंडी, नातवाचं लग्न. मग बोलता बोलता म्हणाल्या, एकादशीला दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपास कडक, फक्त पाणी. गोळी मात्र नेमाने, डॉक्टरांनी चुकवू नका म्हणून बजावलंय ना! कुठली गोळी ते विचारलं, तर पाकीट कॅमेऱ्याला इतकं चिकटवलं की नुसतं चंदेरी काहीतरी चमकलं. ‘बा, जरा लांब धरा.’ ग्लिक्लाझाइड. पोटात अन्न असो-नसो, ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. ग्लुकोमीटरच्या मेमरीत मागच्या एकादशीचा आकडा निघाला ३.२, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात ५८. इथे चारच्या खाली गेलं की हायपो, म्हणजे साखर फार उतरली, असं धरतात. मुलगा शेजारी अवाक. बांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं, उपास बंद करतील म्हणून.

एचबीएवनसी ही साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी. साखर मधूनमधून घसरत असेल तर ती उलट छानच दिसते. म्हणजे मुलाने ‘हो, ठीक आहे’ म्हणत फोनवर तपासणी उरकली असती, तर बा सगळ्यात नीट सांभाळलेल्या रुग्णांत मोजल्या गेल्या असत्या. या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

त्यांच्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, लगेच कळवलं. त्यांनी दुभाष्या घेऊन बांशी बोलून उपासाच्या दिवशीची गोळी बंद केली. उपास सोडा असं कुणी म्हटलं नाही, याचं बांना फार बरं वाटलं.

टीमच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. सुधारित नियमावली एथिक्स समितीकडे गेली आहे. दुभाष्याच्या तासांचा खर्च त्यात वेगळा धरलाय, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना माहिती ऐकवून तोंडी संमती घेण्याची सोयही आहे. मंजुरी आली की पहिला फोन बांना.